गेंदाची गोष्ट

वाचता वाचता प्रमिलाबाई थांबल्या, कारण पहिल्या बाकावरची गुलाब हुंदके द्यायला लागली होती. गोष्ट बाईंनीच लिहिलेली. सातपुड्यातून आईबरोबर धरणगावच्या सरकी काढायच्या जिनात आलेली गेंदा दिवसभर कापसातला पाला निवडते आणि खोकून खोकून खंगते. आजचं लिहिलं तर कुणाला तरी टोचेल, म्हणून त्यांनी ती साठ वर्षं मागे नेली होती. खबरदारी म्हणे!

गुलाब जिनाचे मालक नेमीचंदशेठ यांची मुलगी. मागच्या बाकावर सोनी होती, दर हंगामात डोंगरातून त्याच जिनात येणारी. सकाळी शाळा, दुपारी कापूस. बाईंनीच तिच्या आईच्या मिनतवाऱ्या करून तिला शाळेत घातलं होतं. ती रडत नव्हती. आपल्याकडचं माणूस गोष्टीत आलं, याचंच तिला अप्रूप वाटत होतं.

दोन दिवसांनी नेमीचंदशेठ स्वतः शाळेत आले.

"तुमच्या गोष्टीनं पोरगी जेवेना, बाई. माझ्याही मनाला लागलं. आजपासून माझ्या जिनात एकही लेकरू कामाला नाही."

बाईंना आनंद मावेना. त्यांनी ते सगळ्या शिक्षकांना सांगितलं, आणि ज्यांना आधीच सांगितलं होतं त्यांना पुन्हा सांगितलं.

आठवडा उलटायच्या आत सोनीची आई मोगराबाई वर्गाच्या दाराशी उभी राहिली.

"सोनीले धाडा बाई. आम्ही यावलले जाई ऱ्हायनूत."

"अहो, पण आता तर तिला दिवसभर शिकता येईल!"

"टोपलीवर मजुरी शे. मायलेकी बसूत तवय पोट भरे. आते मी एकलीच." मोगराबाईच्या बोलण्यात राग नव्हता. "यावलले केळीना बागमा पोरेसलेबी काम शे." म्हणजे तिथे केळीच्या बागेत सोनीलाही मजुरी मिळणार होती.

"थांबा, मी शेठशी बोलते."

बोलून टाकलं खरं, पण काय सांगणार होत्या त्या शेठना? लेकरांना परत कामावर घ्या म्हणून?

सोनीनं शाळेची पाटी टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेली, वळून एकदा हसली आणि आईच्या मागे चालू लागली. बाईंना तिला हाक मारायची होती, पण कोणत्या तोंडानं मारणार?

दुसऱ्या दिवशी हजेरी संपली तशी गुलाब उठून उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते.

"बाई, आज दुसरी गोष्ट सांगा ना. आणखी कुणाची तरी."

सगळा वर्ग सरसावून बसला.

"गणिताची पुस्तकं काढा," बाई म्हणाल्या.