चंद्राच्या छातीतली घरघर

पौडच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या गळ्यात लोंबणारी तपासायची नळी ती मीच. माझं एक टोक माणसं छातीवर लावून घेतात, पण मला काय ऐकू आलं ते त्यांना नको असतं. आता माझं रबर चिरलंय. आज तरी ऐका.

आठल्ये डॉक्टरांनी मला बावन्न साली मुंबईहून आणलं. जन्मतःच बिघडलेल्या हृदयांचे ते रचनेवरून तीन प्रकार करत: साधी, मधली आणि अवघड. एखादं भोक किंवा बुजायची राहिलेली वाट असेल तर साधं. रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली, निम्मं हृदयच घडलेलं नाही, ते अवघड. तिथे डॉक्टर हात टेकत. साधं सापडलं की मात्र त्यांची कळी खुलायची.

ताम्हिणीच्या भिवाजीची चंद्रा सात वर्षांची होती. तिच्या छातीत जात्यासारखी घरघर होती. जन्मानंतर मिटायची एक वाहिनी उघडीच राहिली होती. मुंबईला नेऊन ती बांधली की पोर ठणठणीत होईल, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं.

भिवाजी म्हणाला, "पोरीच्या फासळीवर टाकं दिसलं तर तिला करून कोण घेईल? खाती, खेळती. ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर ताम्हिणीला जाऊनही आले. चहा मिळाला, पोर मिळाली नाही.

चंद्रा सोळा वर्षांची असताना तिची सासू गोजराबाई तिला घेऊन आली. चंद्रा गरोदर होती आणि छातीतली घरघर थांबली होती. सासूला वाटलं, बरी झाली. डॉक्टरांनी पाय पाहिले. हाताची बोटं गुलाबी, पायाची निळी.

"जोडवी घट्ट झाल्यात. सोनाराकडनं सैल करून घेतो," गोजराबाई म्हणाली.

जोडव्यांचा काही दोष नव्हता. इतकी वर्षं जादा रक्त सोसून फुप्फुसाच्या वाहिन्या निबर झाल्या होत्या आणि अशुद्ध रक्त त्या उघड्या वाटेनं उलटं पायांकडे वाहू लागलं होतं, म्हणून आवाज गेला होता. आता ती वाट बांधली तर जीवच जायचा, आणि बाळंतपणही झेपणार नव्हतं. डॉक्टरांनी हे सांगितलं. चंद्रा एवढंच म्हणाली, "तवा मला कुणी इचारलंच न्हाई."

ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मला राग आला, अजून येतो.

वर्षाच्या आत गोजराबाईनं त्याच मुलासाठी चंद्राची धाकटी बहीण मागितली. या वेळी दोन्ही घरची माणसं आपणहून दवाखान्यात आली. पोरीची छाती आधी तपासून द्या म्हणाली. पोर खाली मान घालून बसली होती.

तिचं हृदय अगदी निरोगी होतं. मला खोटं बोलता आलं असतं, तर त्या दिवशी मी बोलले असते.