सातव्या नंबरचा लाल

“पापणी मिट. मिटलीस की हलवू नकोस. आता श्वास घे, पण गुपचूप घे.”

मावशीचा हा आवाज ऐकला तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि नाटकाच्या रंगपटात एका खोक्यावर पाय हलवत बसले होते. बोलणं माझ्याशी नव्हतं. समोर एक धिप्पाड नट बसला होता, पहिल्या प्रयोगाच्या भीतीने घामाघूम झालेला, आणि मावशी त्याच्या डोळ्यात काजळाची रेघ ओढत होती. ओढता ओढता गुणगुणत होती:

हळू चाले माझा हात, जसं पाण्यावर पान,
मुखाला लावू रंग, मुखाचा राखू मान.

रेघ संपली. नटाने आरशात पाहिलं आणि त्याचे वर चढलेले खांदे हळूच खाली आले. मोठी झाले की हेच करायचं, असं मी त्या खोक्यावरच ठरवलं.

आता मी पस्तिशीची आहे. दोन खुर्च्या आणि एक मोठा आरसा एवढं माझं मेकअपचं दुकान आहे. मावशी माझ्याचकडे राहते. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. ब्रश धुते, माझी पेटी लावते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवते.

तीन महिन्यांपूर्वी दुकानात एक काकू आल्या. वय एकसष्ट, पांढरे केस आखूड कापलेले, चेहऱ्यावर पावडरचा कणसुद्धा नाही. बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच विचारलं, “तुमच्याकडे असं काही आहे का, जे आधी कुणाच्या डोळ्यात घालून पाहिलेलं नाही?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्या पाहण्यात होतं.

मग काकू बसल्या आणि सांगू लागल्या. तरुणपणी त्या एका प्रयोगशाळेत कामाला होत्या. काम एवढंच, ससे धरायचे. सशाची मान फळीत अडकवायची, म्हणजे त्याला पंजाने डोळा चोळता येत नाही. मग दुसरं कुणीतरी येऊन त्या डोळ्यात थेंब सोडायचं. कधी मस्काऱ्याचा द्राव, कधी लिपस्टिकमधला रंग.

“ससा ओरडत नाही गं,” काकू म्हणाल्या. “ओरडला असता तर मी दुसऱ्या दिवशी पळाले असते. तो गप्प असायचा, म्हणून मी दीड वर्ष राहिले.”

त्यानंतर सदतीस वर्षं त्यांनी तोंडाला काही लावलं नव्हतं. आणि आता त्या लग्न करणार होत्या. नवरामुलगा त्रेसष्ट वर्षांचा, घड्याळं दुरुस्त करणारा, सगळे त्याला घड्याळवालेच म्हणत.

“त्यांना काही फरक पडत नाही. भिंगातून बघायची सवय, माणूस त्यांना तसंही अस्पष्टच दिसतं,” काकू हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “पण मला हवंय. मला एकदा लाल ओठ हवेत. फक्त त्या लालमागे कुणी मान अडकवून बसलेलं नको. शब्द देशील?”

मी शब्द दिला. शब्द द्यायला काय, जिभेला हाड नसतं. पाळायला निघाले तेव्हा कळलं.

‘प्राण्यांवर चाचणी नाही’ असं सांगणारे ससे डब्यांवर पुष्कळ होते. उडी मारणारे, कान टवकारलेले, एक तर चक्क डोळा मिचकावणारा. मावशी म्हणाली, “साबणाच्या वडीवर कमळ असतं, म्हणून ती काय तळ्यात उगवते? चित्र काढायला काय लागतं!” तिचं खरं होतं. मी कंपन्यांना पत्रं लिहायला लागले. एकीचं उत्तर आलं, ‘आम्ही स्वतः प्राण्यांवर चाचणी करत नाही.’ त्या ‘स्वतः’वर माझं बोट अडकलं. स्वतः नाही, मग कोण करतं? दुसरीने लिहिलं की कायद्याची सक्ती असेल तेवढं सोडून काही नाही. तिसरीने फोनच ठेवला. एका रात्रीत मिटेल असं वाटलेलं काम दीड महिना पुरलं. पण शेवटी अकरा लाल हाताशी आले, ज्यांचे करणारे कच्च्या मालापासून शेवटच्या डबीपर्यंतचे कागद दाखवायला तयार होते. एक कंपनी तर दोन सख्ख्या बहिणींची. त्या स्वतःच्या कोपरावर रंग लावून बघतात, असं थोरलीने लिहिलं होतं, आणि धाकटीने खाली, ‘तिच्या एकटीच्या नाही, माझ्याही.’

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा आमच्या घरीही तेच सुरू झालं. मावशीने बाही वर केली आणि हात पुढे केला. “घे. ससा मरायला नको आणि गिऱ्हाईक फुगायला नको. मी आहे.” तिच्या सुरकुतलेल्या हातावर मी अकरा पट्टे ओढले, प्रत्येकाखाली पेनाने नंबर घातला. शेजारीण दारात येऊन किंचाळली, “अगं बाई, मावशींना कशाने ओरबाडलं?” मावशी म्हणाली, “सशाने.” त्या दिवशी आम्ही तिघी पोट धरून हसलो. मला तर लहानपणीसारखा चेवच चढला होता. डाळिंबाच्या दाण्यासारखा एक लाल, विटेसारखा एक, एक नुकत्या विझलेल्या निखाऱ्यासारखा. मावशीने सातव्यावर बोट ठेवलं. बहिणींचा होता तो. वास नाही, चकाकी नाही, साधा मेणासारखा. पण हातावर बसला की वाटायचं, रक्तच जरा वर आलंय. काकूंनीही तोच निवडला.

आमच्या धंद्यात लिपस्टिकच्या कांड्या कुणी घरोघर वाहून नेत नाही. त्या खरवडून, वितळवून चोवीस घरांच्या पत्र्याच्या पेटीत ओततात. कुठल्या घरात काय, ते लावणारीच्या डोक्यात असतं. चौथ्या घरात सातव्या नंबरचा लाल गेला.

लग्न साडेअकराला, नोंदणी कार्यालयात. आम्ही नऊलाच काकूंच्या घरी पोचलो. खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीवर काकू, मागे त्यांची लेक हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन.

“आई, थरथरू नकोस, ताईंचा हात हलेल.”

“मी नाही थरथरत. खुर्ची थरथरतेय.”

“आणि घाई नाही म्हणावं, तर नवरा घड्याळवाला. मिनिटभर उशीर झाला तर किल्ली देऊन पुन्हा सुरू करतील तुला.”

काकूंच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. सदतीस वर्षं कुणी हात न लावलेली ती कातडी स्पंजाखाली आधी आक्रसली, मग सैल झाली. डोळ्यांपाशी मी जरा थांबले. काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यांनीच डोळे मिटले. “ओढ,” म्हणाल्या.

मग ओठ. मी पेटी उघडली. चौथं घर काठोकाठ भरलेलं होतं. माझ्या मनात काहीतरी अडखळलं, पण ब्रश तोवर रंगात बुडाला होता आणि काकू तोंड किंचित उघडून वाट पाहत होत्या. मी खालचा ओठ भरला. वरचा भरला. लेकीने आरसा पुढे धरला.

काकू खूप वेळ पाहत राहिल्या. मग स्वतःशीच हसल्या, नव्या नवरीसारख्या, दात न दाखवता.

“गुलाबाचा वास येतोय का गं?” त्या म्हणाल्या.

सातव्याला वास नव्हता. गुलाबाचा वास एकाच लालला होता, माझ्या जुन्या पेटीतल्या. त्या कंपनीचं पत्र माझ्या खणात होतं, ‘आवश्यक तेथे चाचणी’ हे शब्द ठळक छापलेलं.

“फुलं आणलीत ना तुमच्या लेकीने,” मावशी चटकन म्हणाली. “त्यांचा असेल.”

लेकीने गुच्छ हुंगला, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली.

मी मावशीला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं.

“चौथं घर कुणी भरलं?”

मावशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मावशी!”

“तळ दिसत होता,” ती पुटपुटली. “तू माझ्या ओठांवर तालीम करून अर्धा संपवला होतास. आमच्यात पेटीचं घर रिकामं दाखवत नाहीत. तळ दिसला की खुर्चीतल्या माणसाचा धीर सुटतो. काल संध्याकाळी जुनी कांडी होती पडलेली, रंग तोच. जरासा वितळवून वर ओतला. एवढासा.”

“एवढासा? अगं, वरचाच तर लागला तिच्या ओठाला!”

“हळू बोल.”

“मी जाऊन सांगते.”

तिने माझं मनगट पकडलं. त्या वयातही पकड सांडशीसारखी. “काय सांगशील? आज? पाऊण तासात सही करायला जायचंय तिला. बघितलंस ना कशी हसली? ते हसू पुसायचंय तुला? कशासाठी? तुझं मन हलकं व्हावं म्हणून?”

तिचं बोलणं पुरतं खोटं नव्हतं. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नव्हतं. ससा तर तेव्हाही ओरडला नव्हता.

“मी न सांगता बदलते,” मी म्हणाले. “पुसून दुसरा लावते. नववा आहे, तो स्वच्छ आहे.”

“हां, तसं कर,” मावशीने सुस्कारा सोडला. “तसं कर, माझी बाय.”

मी बाहेर आले. ओल्या कापसाचा बोळा हातात. आवाज जमेल तेवढा हलका केला. “काकू, जरा जास्त गडद वाटतोय. उन्हात वेगळा दिसेल. बदलूया?”

“नको नको.” काकूंनी तळहाताने तोंड झाकलं, लहान मुलं खाऊ लपवतात तसं. “आरशात पाहिलं आणि मला वाटलं, अरे, ही तर मीच आहे की. सदतीस वर्षं कुठे बसली होती कोण जाणे. राहू दे. हाच राहू दे.”

“पण नववा तुमच्या रंगाला...”

“पोरी, तू किती शोधलंस हा रंग. ती पत्रं दाखवलीस मला एकेक. मी तुला एक सांगू? दुकानांत गेले तर सगळे म्हणायचे, हो हो, आमचं सगळं चांगलंच असतं. मी कुणावर विश्वास ठेवला नाही. तुझ्यावर ठेवला.”

माझ्या हातातल्या बोळ्यातून पाणी ठिबकत होतं. ते मला फरशीवर पडताना ऐकू येत होतं.

खाली गाडीचं दार लागलं. लेक दारातून ओरडली, “आले! अकराला यायचे होते, अकराच वाजलेत. आई, आता बघ हं, आयुष्यभर असंच!”

काकू उठल्या. पिशवी घेतली, पुन्हा ठेवली, चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता. जाता जाता मावशीपाशी थांबल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. मावशीच्या डाव्या हातावर पेनाने लिहिलेला सात अजून पुसट दिसत होता. काकूंनी त्यावर अंगठा फिरवला.

“तुमच्या हातावर करून बघितलंत ना माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “मी हातांकडे फार बघते, मावशी. माझ्या स्वतःच्या हातांकडे मला कितीतरी वर्षं बघवलं नाही. तुमचे हात चांगले आहेत.”

मावशीने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. काकूंनी सोडले नाहीत.

आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. पायऱ्या चढणारी पावलं ऐकू येत होती, सावकाश, एकसारखी. काकू दाराबाहेर पडल्या की हा लाल त्यांच्या लग्नाच्या फोटोत कायमचा राहणार होता, आणि मी दुकानात प्रत्येक खुर्चीमागे उभी राहून दर वेळी गुलाबाचा वास घेणार होते. मावशीचं नाव घ्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

“काकू, बसा जरा,” मी म्हणाले. “जायच्या आधी बसा.”

“अगं, आले ना ते.”

“बसा. माझ्याकडून एक चूक झालीय.”

काकू बसल्या नाहीत. पण थांबल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्या आतलं काहीतरी उठून उभं राहिलं होतं. दारात घड्याळवाले येऊन पोचले होते, कोटाच्या खिशावर हात ठेवून. त्यांना वाटलं, मेकअपचंच काही आहे. ते शहाण्यासारखे बाहेरच राहिले.

मी तोंड उघडलं. “ओठांचा रंग आहे ना, तो मी...”

“तिने नाही.”

मावशी होती. तिचे हात अजून काकूंच्याच हातात होते. आवाज चिरका लागला, तिने खाकरून पुन्हा सुरुवात केली.

“तिच्याकडून काही झालेलं नाही, बाई. मी केलंय. तुमच्या रंगात मी काल जुना रंग मिसळला. त्यांच्यातला, जे सशांच्या डोळ्यात घालतात. हिला विचारलं नाही. वाया जाऊ नये आणि घर रिकामं दिसू नये म्हणून. वास फुलांचा नव्हता, तेही मी खोटं बोलले. आणि ही आत्ता तुम्हाला सांगायला निघाली होती, तर मी तिचा हात धरून ठेवला.”