न लिहिलेला र

मॅडमना इंग्रजी 'र'चा वीट आला होता. उभं आयुष्य एका अक्षरापायी खर्ची पडेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी सरळ शिवणाचा क्लास काढला असता. त्यांच्या ऑफिसात दूरदेशीच्या गिऱ्हाइकांचे फोन घेत, आणि नव्याने लागलेल्यांच्या जिभा त्या गिऱ्हाइकांच्या कानांना मानवतील अशा वळवणं हे मॅडमचं काम. शब्दाच्या शेवटी 'र' आला की गिळायचा: 'वॉटर' नव्हे, 'वॉटा'. पुढचा शब्द स्वराने सुरू होणार असेल, तर मात्र गिळलेला 'र' मुकाट्याने परत काढायचा आणि पुढच्या शब्दाला चिकटवायचा: 'वॉटर इज'चं 'वॉटरिज'. वर तिकडचे लोक असे नमुनेदार, की 'र' लिहिलेला नाही तिथेही घुसवतात. 'लॉ अँड ऑर्डर'चं बिनदिक्कत 'लॉरँड ऑर्डर' करतात.

"का पण?" असं दर खेपेला कुणीतरी विचारायचंच. मॅडम म्हणायच्या, "दोन स्वरांच्या मधे जीभ अडखळते. तिला टेकायला काहीतरी लागतं." एवढं बोलून त्या खुर्चीत टेकत.

धाकटा भाऊ गेल्यापासून त्यांच्या अंगातलं त्राणच गेलं होतं. भावाच्या लांबलेल्या आजारपणात भावजयीची नोकरी सुटली. पुढे तो गेला, आणि ती मॅडमकडे राहायला आली. एका पगारावर घर ओढून मॅडम मेटाकुटीला आल्या, तेव्हा त्यांनीच तिला आपल्या ऑफिसात चिकटवलं. शेवटची चाचणी पास झाली की नोकरी पक्की, नाही तर घरी. नात्यातल्या माणसाला शिकवायचं नाही असा ऑफिसचा नियम होता, म्हणून दोघींनी नातं कुणाला सांगितलं नाही. घरी "वन्सं, वन्सं" करणारी भावजय ऑफिसात इतरांसारखी "मॅडम" म्हणू लागली.

तिचा 'र' म्हणजे दगडावरून चाललेली बैलगाडी. शब्द संपला तरी गाडी थांबायची नाही. मॅडमनी तिला घरीही सोडलं नाही. कपडे वाळत घालताना 'र', भांडी विसळताना 'र'. एकदा दुपारी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "वन्सं, चहार आणू का?" आणि दोघी ओट्याला धरून हसल्या. तेवढंच काय ते हसणं. भावाचा विषय त्या घरात निघत नसे. तो निघेल अशी भीती वाटली की दोघींपैकी एक पटकन म्हणायची, "चला, 'र' घेऊ या."

चाचणीच्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीचा परीक्षक कानाला हेडफोन लावून मॅडमच्या शेजारी बसला. काचेपलीकडे भावजय खरे फोन घेत होती. पहिले दोन-तीन बरे गेले. 'र' जिथे गिळायचा तिथे गिळला, जिथे जोडायचा तिथे जोडला. मॅडमच्या जिवात जीव आला.

मग एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायको वारली होती आणि तिच्या नावावरचं कनेक्शन बंद करायचं होतं.

"इज इट ह..." भावजय म्हणाली आणि थांबली. 'हर अकाउंट' असं एका दमात जोडून म्हणायचं, हे तिच्याकडून शंभरदा घोटून घेतलं होतं. पण तो 'र' काही येईना. मधे नुसती पोकळी. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "...अकाउंट?"

म्हातारा चिडला नाही. हळूच म्हणाला, "आवरकाउंट." 'आवर अकाउंट', म्हणजे आमचं दोघांचं.

"येस सर," भावजय म्हणाली. "आय विल क्लोज आवरकाउंट."

जोड कसा अगदी गुळगुळीत. परीक्षकाने मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"उच्चार ठीक आहे," तो म्हणाला. "पण 'तुमचं' म्हणायचं सोडून बाई 'आमचं' म्हणाली. तिचं काय आहे त्यात? लक्ष कुठे होतं तिचं? अशी माणसं फोनवर नाही चालत. नापास करा."

नापास लिहिलं असतं तर मॅडमच्या स्वतःच्या नोकरीला धक्का नव्हता. नियम मोडल्याचं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. पण झाकून ठेवायचासुद्धा त्यांना कंटाळा आला होता.

"लक्ष होतं तिचं," त्या म्हणाल्या. "नवरा गेलाय तिचा. माझा भाऊ."

भाऊ गेल्यापासून हे वाक्य त्या कुणापाशी बोललेल्याच नव्हत्या.

परीक्षक अवघडून म्हणाला, "नापास नको. पण ही चाचणी रद्द धरावी लागेल. परत घेऊ, दुसऱ्या शिक्षकाकडून. तोवर तुम्ही तिला शिकवायचं नाही. घरीसुद्धा नाही." नियम मोडल्याबद्दल मॅडमना वरून काय ते कळवलं जाईल, असंही म्हणाला.

संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. मॅडमनी सगळं सांगून टाकलं. भावजय रागावली नाही, फक्त ताटातला घास इकडून तिकडे करत राहिली.

"आता 'र' नाही," ती अखेर म्हणाली, "तर मग बोलायचं काय हो आपण, वन्सं?"

सवयीने मॅडमच्या तोंडात 'र'च आला.

"त्याला लहानपणी 'र' म्हणताच यायचा नाही."

"कुणाला?"

"तुझ्या नवऱ्याला. 'र'चा 'ल' करायचा. माझ्या वर्गाबाहेर उभा राहून रडवेला होऊन हाका मारायचा, 'ताई, घली चल.' अख्खा वर्ग हसायचा. मी लाजेने मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे."

भावजयीचा हात ताटातच थांबला. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

"परत म्हणा ना," ती म्हणाली.

मॅडमनी परत म्हटलं.