दगडाने सांगितलेलं नाव

"ओता महाराज, पाणी ओता! लोकं लांबनं आल्याती!"

धर्माजी आबांचा आवाज माइकवरून घुमला आणि गायरानातल्या दगडी दोणीभोवती दाटलेली पाच-सहाशे माणसं एकदम गप्प झाली. दोणीमागे पुरुषभर उंचीचा एक काळा दगड उभा आहे. शिळानाथ महाराजांनी कळशी उचलून त्याच्या माथ्यावर धार धरली. पाणी ओघळत खाली आलं तसा दगड काळाकुळकुळीत होत गेला, आणि त्या ओल्या अंगावर फिकी, कोरडी अक्षरं एकेक करून उघडी पडायला लागली. वीतभर उंच, ठळक, सुबक. पहिलीतल्या पोरालाही वाचता यावीत अशी.

'श्रीक्षेत्र देवशिळा'.

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, हलगी. कुशाबाई म्हणजे सत्तरीतली खमकी म्हातारी, रेशनच्या रांगेत कुणाला पुढे जाऊ देत नाही. तीही सरळ आडवी झाली आणि मातीत कपाळ टेकून रडायला लागली. तिचं बघून आणखी दहा जणी आडव्या झाल्या.

"भक्तजनहो," महाराजांनी डोळे मिटले, "दोन हजार वर्षं! दोन हजार वर्षं हा पाषाण मौनात होता. आज त्याने तुमच्या गावाचं खरं नाव सांगितलं. सायन्सवाले म्हणतात, दगडाला जीव नाही. अरे, सायन्सला म्हणावं, आधी वाचायला शीक! या शिळेतून व्हायब्रेशन निघतं, व्हायब्रेशन! मोजायला अमेरिकेतनं मशीन आणलं, त्याचा काटा तुटला!"

कुठलं मशीन, आणलं कुणी, काटा पडला कुठे, हे विचारायची गर्दीला कुठली फुरसत! अर्ध्या तासात उन्हाने दगड वाळला आणि अक्षरं दिसेनाशी झाली. झालं, हा तर आणखी मोठा चमत्कार ठरला.

गर्दीच्या कडेला सुप्रिया उभी होती. तिचं डोकं तापलं होतं. ती गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. सासर नारायणगावचं, तिथून रोज जीपने येते-जाते. पण माहेर इथलंच. गावात मेंढपाळांची जी चार घरं उरलीत, त्यातल्या जानकूची ती लेक. गावाचं खरं नाव तिला दगडाने सांगायची गरज नव्हती. बेल्ह्याच्या पलीकडच्या या माळावर तिच्याच पूर्वजांनी काट्याचं कुंपण घालून मेंढरं कोंडायला वाडगं केलं, त्यांना पाणी पाजायला दगड कोरून दोण केली, आणि त्यावरून गावाला नाव पडलं मेंढवाडगे. शेतीवाले मागून आले, त्यांनी विहिरी पाडल्या, बागायती झाली, बाजार वाढला. पण जुन्या कागदांत नाव तेच, आणि ग्रामपंचायतीच्या गोल शिक्क्यावर चित्रही तेच राहिलं, एक मेंढी आणि एक दोण.

आता ग्रामपंचायतीची नगरपंचायत होणार होती. त्याआधीच्या शेवटच्या ग्रामसभेत नव्या नावाचा आणि नव्या बोधचिन्हाचा ठराव यायचा होता. मेंढीच्या जागी त्रिशूळ, दोणीच्या जागी किरणं. धर्माजी आबा माजी सरपंच आणि आपल्या मनाने उद्याचे नगराध्यक्ष. गायरानाला लागून त्यांची बारा एकर, त्यात प्लॉटचे खांब रोवून तयार. क्षेत्र झालं की गायरानात भक्तनिवास येणार, गाड्यांना पार्किंग होणार, दोणीला जाळी लागणार. जानकूची पन्नास मेंढरं मग कुठे चरणार आणि कुठलं पाणी पिणार, हे ठरावात कुठेच नव्हतं. आणि महाराज नेमके ग्रामसभेच्या तोंडावरच कसे उगवले, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुप्रिया गायरानात गेली. जानकू मेंढरांना पाणी पाजत होता. दगडाला घातलेले झेंडूचे हार मेंढरं मजेत खात होती.

"बापू, तुमाला काय वाटतंय हे?"

जानकू हसला. "मला काय वाटायचंय? पन्नास वरसं हितं मेंढरं पाजतूय. रोज अंग झाडून दगडावर पाणी उडिवत्यात. पावसाळ्यात ह्यो दगूड चार-चार दिस भिजतुया. म्या येक अक्षर बघितलं न्हाई, माज्या बानं बघितलं न्हाई. दोन हजार वरसं गप बसला, आन् आबाचं प्लॉट पडल्यावर बोलाया लागला व्हय!"

"मग अक्षरं येतात कशी?"

"ते तुजं शिक्षान. पर हे बघ." त्याने तिला दोणीच्या कोपऱ्याशी नेलं. येता-जाता मेंढरं तिथे अंग घासतात. जानकूने ओंजळभर पाणी मारलं. आजूबाजूचा दगड भिजला; घासलेल्या पट्ट्यावरून मात्र पाणी थेंब-थेंब होऊन घरंगळलं आणि तो कोरडाच राहिला. "लोकरीचा चिकटा हाय ह्यो. म्हणून तर मेंढरू पावसात आतनं भिजत न्हाई. हे लागलं की दगूड बी पाणी पीत न्हाई."

सुप्रियाने कपाळावर हात मारून घेतला. आठवीच्या वर्गात हेच आपण खडू घेऊन शिकवतो, आणि ते दाखवायला शाळेची पायरी न चढलेला आपला बाप लागला!

नारायणगावात जीपमधून उतरल्यावर ती घरी न जाता हार्डवेअरच्या दुकानात शिरली. "दगडाला मारलं तर दिसणार नाही, पण पाणी आत जाऊ देणार नाही, असं काही मिळतं का हो?"

"मिळतंय की. गच्ची गळत आसली की मारत्यात. वाळलं की नजरंला बी येत न्हाई." दुकानदाराने डबा पुढे केला. "गाव कंचं म्हनायचं?"

"मेंढवाडगे."

"आत्ता गं! मागल्याच हप्त्यात तुमच्या गावची मानसं दोन डबं घिऊन गेली. तुमच्या गावात लईच गळती दिसतीय, ताई."

तिने गायरानातलाच एक चपटा काळा दगड उचलून आणला, धुऊन वाळवला आणि ब्रशने त्यावर लिहायला बसली. पण लिहायचं काय? दगड काहीही बोलू शकतो हे लोकांना पटायला हवं, म्हणजे अगदी अशक्य असं काहीतरी हवं. आपला बाप जन्मात कधी खुर्चीवर बसला नाही हे तिला आठवलं आणि तिला हसू फुटलं. लिहिलेलं वाळून दिसेनासं झाल्यावरसुद्धा ती एकटीच हसत होती. बापूही हसतील, असं तिला वाटलं.

रविवारी ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एवढी माणसं ग्रामसभेला कधी आली नव्हती. पुढे सतरंजीवर बागायतदार मंडळी, मंचावर धर्माजी आबा, शेजारी गादीवर महाराज. जानकू पार मागे, चपलांच्या ढिगाजवळ उकिडवा बसला होता.

"पाच मिनिटं मला द्या," सुप्रिया म्हणाली.

"द्या की! आपल्या गावची लेक हाय," आबा म्हणाले.

तिने दगड टेबलावर ठेवला. "गायरानातला दगड आहे. पुढच्यांनी हात लावून बघा. काही दिसतंय?"

लोकांनी उलटापालटा केला. काही नव्हतं.

"आबा, आता तुमच्याच हाताने पाणी ओता."

आबांनी हसत हसत तांब्या उपडा केला. दगड काळा झाला आणि अक्षरं उघडी पडली. पुढच्या रांगेतल्या सोपान नावाच्या पोस्टमनने ती मोठ्याने वाचली, "जानकूला नगराध्यक्ष करा!"

पटांगणात हास्याचा असा स्फोट झाला की झाडावरचे कावळे उडाले. बायकांनी तोंडाला पदर लावले. सुप्रियाने डबा वर धरला. "हे गच्चीला मारायचं औषध. जिथे लावलंय तिथे दगड पाणी पीत नाही, कोरडा आणि फिका राहतो. बाकीचा भिजून काळा होतो. वाळला की सगळा सारखाच. यात मंत्र नाही, व्हायब्रेशन नाही. अक्षरं दोन हजार वर्षांची असती तर दर पावसाळ्यात दिसली असती. आणि लेण्याद्रीला आपण सगळे जाऊन आलोय. तिकडच्या लेण्यांतलं दोन हजार वर्षांपूर्वीचं लिखाण तुमच्यातल्या एकाला तरी वाचता येतं? मग हे मात्र पहिलीतल्या पोराला कसं वाचता येतं?"

"अगं बया," कुशाबाई उठून उभी राहिली, "म्हंजी म्या गच्चीच्या औशिदाला लोटांगण घातलं व्हय?"

पुन्हा हशा. महाराज गादीवर चुळबुळले. "बाजारात नकली नोट सापडली म्हणून खरी नोट खोटी होते का?"

"मग तपासू की! मोठा दगड लोखंडी ब्रशने घासू. औषध असेल तर निघेल. देवाने लिहिलं असेल तर राहील."

"शिळेला हात लावायचा नाही! विध्वंस होईल!"

"होऊ द्या माझा," सुप्रिया म्हणाली, आणि त्या क्षणी तिला खरंच वाटलं की आपण जिंकलो. समोरच्या तोंडांवर दिसत होतं. कळलं होतं सगळ्यांना. एकूण एक माणसाला कळलं होतं.

धर्माजी आबा शांतपणे उठले. त्यांनी वाद घातलाच नाही. "मॅडमचं बरोबर हाय. शिकल्यालं मानूस, आपन मान ठिवला पायजे. पर आता इचार करा. क्षेत्र झालं की रस्ता हुतो, गाड्या येत्यात, पोरांना गाळं मिळत्यात. भीमाशंकराच्या वाटंवर बघा, फुलं इकून लोकांनी बंगलं बांधलं. आन् मेंढवाडगं म्हनलं की नारायणगावच्या मार्केटात आपल्याला हसत्यात. मग नाव दगडानं सांगितलं का डब्यानं, काय फरक पडतुया?"

आबांनी मान उंच करून चपलांच्या ढिगाकडे बघितलं. "का जानकू? नगराध्यक्ष व्हायचंय म्हनं तुला. आं? आन् औंदा उनाळ्यात मेंढरं कुनाच्या वावरात बसवनार हायेस?"

बोलणं अगदी गोड होतं. सगळं पटांगण वळून जानकूकडे बघायला लागलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"ठरावाच्या बाजूनं आसत्याल त्यांनी हात वर करा."

पुढच्या रांगेतले हात आधी गेले. मग मधले. सोपानने इकडे-तिकडे बघून केला. कुशाबाईने मॅडमची नजर चुकवून केला. आणि सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ, मेंढरांची काठी मांडीवर ठेवून जानकूने आपला हात वर केला. अर्धवट नव्हे, चांगला उंच केला. मंचावरून दिसावा म्हणून.

ठराव एकमताने मंजूर. विरोधात वर गेलेला सुप्रियाचा एक हात कुणी मोजलाच नाही.

ती दोणीपाशी त्याला गाठायला धावतच गेली. तिचा आवाज फाटला होता. "तुमीच मला दाखवलं, बापू! तुमाला पटलं नव्हतं?"

"पटायचं काय त्यात? खोटंच हाय ते."

"मग हात का वर केला?"

"बाई, तू जीपमदी बसून घरी जातीस." जानकू तिच्याकडे न बघता बोलत होता. "माजी मेंढरं उनाळाभर लोकांच्या वावरात बसत्यात. खत मिळतंय म्हनून लोकं बसवून घेत्यात, पाला देत्यात, हिरीचं पाणी देत्यात. गायरान जायाचं ते जानारच. वावरं बी बंद झाली तर कुठं जाऊ? आबानं इचारलं ते आयकलंस न्हवं?" मग काठी खांद्यावर टाकत तो म्हणाला, "लिवायला तुला दुसरं कुनाचं नाव सुचलं न्हाई का गं?"

 

सहा महिन्यांत वेशीवर 'श्रीक्षेत्र देवशिळा नगरपंचायत' अशी कमान उभी राहिली. कचऱ्याच्या गाडीवर त्रिशूळ आला, शाळेच्या दाखल्यावरचं गाव बदललं. महाराज दुसऱ्या तालुक्यात गेले. तिथेही म्हणे एक दगड बोलायला लागलाय. दूध-तुपाच्या अभिषेकाने अक्षरं पुसट व्हायला लागली तेव्हा देवस्थान समितीने ती सरळ सोनेरी ऑइल पेंटने रंगवून घेतली. आता पाणी ओतायचीही गरज उरली नाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दोणीला जाळी लागली. हात वर करूनही जानकूला वावरं मिळाली नाहीत, कारण वावरांचे प्लॉट झाले. दिवाळीच्या आत जानकूने मेंढरं बेल्ह्याच्या बाजारात नेऊन विकली.

तर चमत्कार समोर आला की आधी विचारा, हे कालपर्यंत का दिसलं नाही. दगड तुम्ही निवडा, पाणी तुम्ही ओता, घासून बघायची परवानगी मागा, आणि परवानगी मिळाली नाही तर समजून जा. एवढं कुणालाही जमतं. त्या दिवशी पटांगणात सगळ्यांना जमलं होतं. न जमलेली गोष्ट वेगळी आहे. जानकूवर रागावू नका. त्याच्याजवळ गमवायला पन्नास मेंढरं होती आणि आसरा कुणाचाच नव्हता. पण पुढच्या सतरंजीवर ज्यांच्या विहिरींना पाणी होतं, ज्यांच्या घरात वर्षाचे दाणे होते, ज्यांना सगळं कळलं होतं, त्यांच्यातल्या चौघांनी जरी हात खाली ठेवले असते, तरी मागे बसलेल्या जानकूला आपला हात खाली ठेवता आला असता. तुमच्या गावात ग्रामसभा असेल तेव्हा हे लक्षात असू द्या. जे पटलेलं नाही, त्याला हात वर करू नका.