सलाम करणारं कार्ड

शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपली की बहरीनच्या नईम मोहल्ल्यातल्या त्या चिंचोळ्या गल्लीत शिवदासशेठच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. त्यात ड्रायव्हर लोकांचे सँडल असत, गॅरेजवाल्यांचे ग्रीस माखलेले बूट असत आणि बँकेतल्या क्लार्कांचे पॉलिश केलेले जोडेही असत. आत एसी इतका जोरात सोडलेला, की बाहेरच्या जुलैतून आलेल्या माणसाला आपण स्वर्गातच पाऊल टाकलं असं वाटावं. निम्मा चमत्कार इथेच होतो, असं अजराचं मत झालं. पण ते तिने स्वतःपाशीच ठेवलं.

अजरा हिंदुस्थानी मुलांच्या शाळेत सायन्स शिकवायची. तिचा नवरा नजीब एका शिपिंग कंपनीत क्लार्क होता. दोघंही रत्नागिरीकडची. नजीब या खोलीत महिनाभर येत होता. अजरा मात्र आज पहिल्यांदाच आली होती, तीही "एकदा आपल्या डोळ्यांनी बघ, मग काय बोलायचं ते बोल" असं त्याने बजावलं म्हणून.

शिवदासशेठ पांढऱ्या सफारीत गादीवर बसला होता. पुढ्यात दागिन्यांची मखमली पेटी होती आणि पेटीत दागिने नव्हते, कार्डं होती. प्रत्येक कार्डावर टोपी घातलेला एक गोरा माणूस खांद्यावर दांडकं घेऊन उभा.

"भाईलोग, बहनलोग," शेठने हात जोडले, "याला कार्ड म्हणू नका. हा अमेरिकेचा सातबारा आहे! बेसबॉल म्हणजे तिकडचं क्रिकेट. तिकडे करोडपती मेला ना, तर त्याची पोरं बंगल्यासाठी भांडत नाहीत. म्हणतात, बंगला तू घे, कार्ड मला दे! कागद बघा कसा पिवळा पडलाय. वास घ्या. जितकं जुनं, तितकं मोल. सीधी बात!"

वास चहाचा येत होता. पण अमेरिकेचा वास कसा असतो हे खोलीत कोणालाच ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता पाठ बघा. हे साल, आणि समोर त्या सालचा भाव. बावन्नला एकशे चाळीस, त्रेपन्नला एकशे बावन्न. चढतच गेलाय!"

"शेट, चोपन्नला नऊच हाय की," पुढे बसलेला शंभू म्हणाला. हा एसी दुरुस्त करणारा, अजराच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा.

"त्या वर्षी अमेरिकेत मंदी होती," शेठ पापणी न लववता म्हणाला, आणि मंदीच्या आठवणीने दोघा-तिघांनी हळहळही व्यक्त केली.

मग मुख्य खेळ सुरू झाला. अस्सल कार्ड जिवंत असतं, शेठने सांगितलं. ते आपला मालक ओळखतं आणि त्याला सलाम करतं. सलामाआधी हाताची शुद्धी. कोणाच्या तळव्यावर शेठ गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडी, कोणाला चंदनाची पावडर चोळायला देई. "ज्याच्या प्रकृतीला जे मानवतं ते," एवढाच खुलासा.

आधी अलीमियाँ पुढे सरकले. उभी हयात त्यांनी तेल कंपनीतल्या गोऱ्या साहेबांकडे स्वयंपाक केला होता, आणि जाताना साहेबाच्या मुलाने आपलं एक कार्ड त्यांना आठवण म्हणून दिलं होतं. ते त्यांनी रुमालातून बाहेर काढलं. शेठने त्यांच्या हाताला पावडर चोळली आणि कार्ड तळव्यावर ठेवलं. खोलीने श्वास रोखला. कार्ड नुसतं पडून राहिलं.

"मेलंय," शेठने निदान केलं. "मफी फायदा, काही उपयोग नाही. पोरांना खेळायला द्या."

अलीमियाँनी कार्ड पुन्हा रुमालात बांधलं. इतकी वर्षं जपलेल्या वस्तूला चार लोकांत मेलेलं म्हणावं, याचं अजराला फार वाईट वाटलं.

मग नजीबचा नंबर आला. त्याच्या तळव्यावर गुलाबपाणी पडलं, शेठच्या पेटीतलं एक कार्ड वर ठेवलं गेलं. क्षणभर काही नाही. आणि मग कार्डाच्या दोन्ही कडा हळूहळू वर आल्या, टोपीवाला गोरा झोपेतून जागा व्हावा तसा वाकून बसता झाला.

"सलाम! सलाम केला!" खोली दणाणली.

"नजीबभाई, हे तुमचंच," शेठने कार्ड चटकन पेटीत परत ठेवलं. "पुढच्या शुक्रवारी सोनं घेऊन या. दिनार नको. दिनार म्हणजे कागद. कागद देऊन कागद घेतला की कार्डाचा जीव जातो. सोनंच लागतं, काय करणार!"

सोनं घरात होतं, हीच अजराची धास्ती होती. दर सुट्टीआधी नजीब आणि ती बाब अल बहरीनच्या सोनारगल्लीत जायची आणि नजीबच्या धाकट्या बहिणीसाठी, नसीबासाठी, एक बांगडी घ्यायची. गावी न्यायची नाही, इथेच कपाटात जमवायची, निकाह ठरला की एकदम न्यायची असं ठरलं होतं. आता निकाह ठरला होता.

"बांगड्या नसीबाच्या हायत," घरी आल्या आल्या अजरा म्हणाली.

"तिच्यासाठीच करतोय ना! कार्ड विकलं की दुप्पट करून देईन."

"आणि नाय विकलं तर? अम्मी रिकाम्या हातांनी पाठवतील तिला?"

"अगो, तू सायन्सची टीचर. तुझ्या समोर सलाम केलान का नाय?"

"केलान," अजरा म्हणाली.

तीच तर पंचाईत होती. कार्डाने मान उचलली हे तिने पाहिलं होतं, आणि ती का उचलली हे तिला सांगता येत नव्हतं. नुसतं "खोटं आहे, खोटं आहे" म्हणून नवरा ऐकणार नव्हता, आणि त्यात त्याचं चुकतही नव्हतं. आठवडा निम्मा सरला तरी तिला काही सुचेना. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता ती मध्येच थांबायची आणि स्वतःवरच चिडायची.

उत्तर मिळालं ते वरच्या मजल्यावर. शंभूची बायको रखमा मूळची साताऱ्याकडची. तिच्या कानातल्या कुड्या देऊन शंभूने मागच्याच महिन्यात एक कार्ड घेतलं होतं. अजरा ते बघायला गेली तर कार्ड देव्हाऱ्यात. गोऱ्याच्या टोपीला कुंकू लागलं होतं आणि पुढ्यात खडीसाखर होती.

"ताई, एक अडचन हाय," रखमा हळू आवाजात म्हणाली. "ह्यो बाबा मला सलाम करतुया, पर ह्यांना करत न्हाई. भांडी घासून उठले, हातावर घेतला, की लगेच मान वर. ह्यांनी घेतला की मेल्यावानी पडून ऱ्हातो. त्यावरनं हे रुसल्यात माझ्यावर."

"शंभूभाऊ हाताला काही लावतात का?"

"घामोळं लई उठलंय. अंगभर पावडर थापत्यात, हातबी पांढरे."

 अजराने रखमाला हात कोरडे पुसायला लावले, पावडर चोळायला लावली आणि कार्ड तळव्यावर ठेवलं. गोरा ढिम्म. मग हात धुऊन पुन्हा ठेवलं. गोरा उठून बसला. असं त्या दोघींनी त्या बिचाऱ्याला उठवलं आणि निजवलं, उठवलं आणि निजवलं.

"देव कोपल न्हवं ताई?" रखमा घाबरली.

"देव नाय गो, कागद हाय. हे बग, पुढून चकचकीत, पाणी शिरत नाय. मागून कोरा. हाताची ओल मागच्या अंगाला लागते, ते अंग फुगतं, पुढचं तेवढंच राहतं. मग कडा वर येणार नाय तर काय करणार?"

रखमाने थोडा विचार केला. "म्हंजी पापडावानीच की. वरनं आधी सुकला, की वाकतो वर."

"तसंच. फक्त इथे सुकण्याऐवजी ओलीने."

रखमाने देव्हाऱ्यातली खडीसाखर उचलून तोंडात टाकली.

ते कार्ड घेऊन अजरा दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंकडे गेली. भाव चढण्याची गोष्ट ऐकून बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, इतकं त्यांना हसू आलं. मागचे आकडे म्हणजे त्या खेळाडूने कोणत्या साली किती सामने खेळले त्याचा हिशेब, त्यांनी सांगितलं. चोपन्न साली नऊच, कारण गडी बहुधा जायबंदी होऊन घरी बसला असेल. कार्डं च्युइंगगमबरोबर मिळायची, बाईंच्या भावांकडे खोकी भरून होती. पोरं ती सायकलच्या चाकात अडकवून फडफड आवाज काढायची आणि आया ती केरात टाकायच्या. नुसतं जुनं झालं म्हणून कशालाच किंमत येत नाही. थोड्या उरलेल्या, पुष्कळांना हव्या असलेल्या आणि कोऱ्या करकरीत राहिलेल्या कार्डालाच ती येते. चहात बुडवलेल्याला तर कोणी हातही लावत नाही. शिवाय त्या काळची कार्डं जाड पुठ्ठ्याची होती. ही पातळ नक्कल कोणीतरी हल्ली छापलेली आहे.

शुक्रवार आला. नजीबने बांगड्यांचा डबा घेतला. अजराने पर्समध्ये नॅपकिन, पाण्याची बाटली आणि कापडाच्या दुकानातून फुकट मिळालेलं एक जुनं चकचकीत कॅलेंडर घेतलं. कॅलेंडरवर स्वित्झर्लंडचे डोंगर होते. तिने त्याचे कार्डाएवढे तुकडे आधीच कापले होते.

शेठने डबा बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "यल्ला, चला, नजीबभाई!"

"शेठ, आधी माझा हात बघा," अजरा पुढे बसली. "पण शुद्धी मी माझी करीन."

लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. तिने शेठचीच पावडर तळव्याला चोळली आणि पेटीतलं एक कार्ड त्यावर ठेवलं. कार्ड पडून राहिलं.

"तुमच्या तकदीरमध्ये नाही, मॅडम," शेठ दुःखाने म्हणाला.

अजराने बाटलीतलं पाणी हातावर घेतलं, वरवर पुसलं आणि तेच कार्ड पुन्हा ठेवलं. कार्डाने मान उचलली.

"आली वाटतं तकदीर," ती म्हणाली, आणि तिने स्वित्झर्लंड वाटायला सुरुवात केली. "कोरी बाजू खाली ठेवा. शेठ, सगळ्यांना गुलाबपाणी द्या."

शेठ हलेना, तेव्हा अजराबरोबर आलेल्या रखमाने गुलाबदाणी उचलली आणि हळदीकुंकवाला शिंपडावं तशी ती सगळ्यांच्या हातांवर शिंपडत गेली. थोड्याच वेळात खोलीभर डोंगरांनी माना उचलल्या. ड्रायव्हरांना सलाम झाला, क्लार्कांना झाला, गेल्या खेपेला ज्यांचं नशीब फुटकं ठरलं होतं त्या सगळ्यांना झाला. अजराने ओल आणि कागद यांची गोष्ट सांगितली, रखमाने पापडाची सांगितली. पापडाची जास्त लोकांना कळली.

शिवदासशेठ खरा व्यापारी माणूस. तो उभा राहिला आणि त्याने हात जोडले. "भाईलोग, बघितलंत? मॅडमच्या हातात शक्ती आहे! साध्या कॅलेंडरमध्ये जीव घातला!"

"शक्ती नंतर," रखमाने हात पुढे केला. "आधी माज्या कुड्या."

शेठने इकडेतिकडे पाहिलं. दारात गॅरेजवाले उभे होते आणि ते बाजूला होत नव्हते. कुड्या पेटीच्या तळातून निघाल्या.

इतक्यात अलीमियाँनी आपला रुमाल सोडला. त्यांनी जुनं कार्ड ओल्या तळव्यावर ठेवलं आणि वाट पाहिली. "हा तर काय पण करत नाय," ते म्हणाले.

"चाचा, तुमचं जाड हाय. एवढ्याशा ओलीने नाय वाकायचं. त्या वेळची असतातच तशी."

"म्हंजे पडून ऱ्हातंय तेच अस्सल!" शंभू ओरडला. लगेच चार माणसं उठली. कोणी खिशातून सिगारेटच्या पाकिटातलं चित्र काढलं, कोणी जुनं पोस्टाचं कार्ड काढलं. "मॅडम, माझं बघा. मॅडम, तुमच्या हातावर ठेवून सांगा." एकाने तर वाकून नमस्कारच केला.

अजराला शेठचा इतका राग आला नव्हता, जितका आता आला.

"मागे व्हा," ती म्हणाली. "माझ्या हातात काही नाही. पडून राहिलं म्हणून अस्सल होत नाही आणि उठलं म्हणून जिवंत होत नाही. शेठ सांगतो म्हणून मानू नका, आणि मी सांगते म्हणून तर अजिबात मानू नका. हात ओला करून बघा, कोरडा करून बघा, दुसऱ्या कागदावर बघा, जाणत्या माणसाला विचारा. आठ दिवसांपूर्वी ते कार्ड का उठलं ते मलाही कळलं नव्हतं. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणावं, त्यात लाज कसली? न कळलेल्याला चमत्कार म्हटलं की मग असा कोणीतरी पेटी उघडून बसतो. आणि कळेपर्यंत सोनं घरात ठेवावं."

  नजीब बायकोकडे बघत नव्हता. ऑफिसात साहेबाचं इंग्रजी दुरुस्त करणारा माणूस, आपलं चुकलं असं त्याने आजवर घरातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. त्याने मखमलीवरून डबा उचलला आणि मांडीवर घेतला.

"मला कळलं नव्हतं," तो म्हणाला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माका पण नाय," अलीमियाँ म्हणाले.

"मलाबी न्हाई," शंभू म्हणाला, आणि मग खोलीत एकेक जण तेच म्हणायला लागला. अजराला त्या घटकेला आपल्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्याच्याशी निकाह लागला त्या दिवशीही वाटला नव्हता.