तंबूत घेतलेलं नाव

तिचं नाव मी इथे घेणार नाही. तिची माणसं घेत नाहीत तोवर मीही घेणार नाही. आणि माझं नावही तेच असल्यामुळे तुम्हाला माझं नाव सांगायचीही सोय राहिलेली नाही.

ती लेखिका होती. अख्ख्या ऑस्ट्रेलियात जिच्या कादंबऱ्या हल्ली कॉलेजात लावतात ती. आमच्या बेल्स क्रॉसिंगचीच, या वाळवंटातल्या मूळनिवासींपैकी. माझ्या पुस्तकांच्या दुकानात मागच्या बाजूला एक टेबल आहे. घरी पोरांची आणि कुत्र्यांची जत्रा भरलेली असायची, म्हणून ती तिथे येऊन बसायची. माश्यांना शिव्या घालत लिहायची. पान मनासारखं उतरलं की चहा टाक म्हणून मला ओरडायची, आणि वर चहाला नावं ठेवायची.

पहिली कादंबरी आली तेव्हा शहरातल्या कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. क्लाइव्ह ट्रेमेन म्हणून आमच्याकडे एक बडं प्रस्थ आहे. दुष्काळ, घोडे आणि अबोल पुरुष यांच्यावर आयुष्यभर लिहिलं त्याने, आणि त्यावर दाढी पिकवली. त्याने वर्तमानपत्रात लिहिलं की ही कादंबरी नव्हे, चुलीपाशी बसून केलेल्या गावगप्पा आहेत. मग तिसऱ्या कादंबरीला देशातलं मोठं बक्षीस मिळालं, आणि एका रात्रीत सगळ्यांना आठवलं की ती आपली जुनी मैत्रीण होती. ट्रेमेनला सगळ्यात आधी आठवलं.

एप्रिलमध्ये ती गेली. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. इथे असंच मरतात तिची माणसं, साठी न गाठता.

तिच्या माणसांची रीत अशी की माणूस गेलं की घर सोडायचं. फोटो झाकायचे. नाव तर घ्यायचंच नाही, आणि ते नाव दुसऱ्या कुणाचं असेल तर त्यालाही वेगळ्या नावाने हाक मारायची. तिची थोरली बहीण जॉसलिन मला तेव्हापासून बिननावाची म्हणते. दुकानाच्या पाटीवर माझं नाव होतं, त्यावर मी पांढरा रंग फासला. रंग वाळायच्या आत समोरच्या खाटकाने विचारलं, दिवाळं निघालं का गं बाई.

जॉसलिन नातवंडांना घेऊन कोरड्या नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. जून ते ऑगस्ट आमच्या वाळवंटात हिवाळा, रात्री बादलीतलं पाणी गोठतं. तिचे मामा दुरून यायचे होते. ते येऊन घराला धुरी देणार, मग ही परत राहायला जाणार. ऑगस्टच्या शेवटी यायचं ठरलं होतं.

"थंडीचं काही नाही गं," जॉसलिन एकदा म्हणाली. "पोरं खोकतात, पण चालतंय. तिला जाऊ दे एकदा नीट. लांबचा रस्ता आहे तिचा. इथून कुणी हाक मारली की ती मागे वळणार. तिचा स्वभाव माहितीये ना तुला? कुणी बोलावलं आणि ही गेली नाही असं कधी झालंय?"

आमच्या गावात दर ऑगस्टमध्ये साहित्य महोत्सव भरतो. त्याची अध्यक्ष फेलिसिटी हार्ग्रेव्ह. मुलखाची गोड बाई. बोलताना समोरच्याचा हात हातात घेते आणि सोडत नाही. जुलैमध्ये ती दुकानात आली आणि म्हणाली, यंदा आपण तिच्या नावाने पुरस्कार सुरू करतोय, आणि व्यासपीठावर तिचा मोठा फोटो.

मी म्हटलं, "फेलिसिटी, डोकं ठिकाणावर आहे का? तिला जाऊन चार महिने नाही झाले. नाव घेत नाहीत ते लोक."

"माहितीये गं मला. म्हणून तर आपण सूचना देणार आहोत."

ही सूचना म्हणजे आमच्याकडचं एक प्रकरण आहे. टीव्हीवर, नाटकाआधी, पुस्तकाच्या पहिल्या पानावर, सगळीकडे असते. मूळनिवासी प्रेक्षकांनी कृपया लक्षात घ्यावं, पुढील कार्यक्रमात मृत व्यक्तींची नावं आणि चित्रं असू शकतात. ज्याला टाळायचंय त्याने टाळावं म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने काढलेली. पण आमच्या गोऱ्या लोकांनी तिचा परवाना करून टाकला. एकदा ती वाचली की पुढे काहीही करायला मोकळे. म्हणजे अंगावर कढत पाणी ओतायचं, फक्त आधी सांगायचं, पाणी कढत आहे हं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी तिला हाकललं नाही. जॉसलिनला सोबत घेऊन समितीच्या कचेरीत गेले. जॉसलिन मोजकं बोलली.

"फोटो नको. नाव नको. आत्ता नको. मामा येतील, धुरी होईल, मग वर्षभराने आम्हीच येऊन सांगू. तेव्हा काय हवं ते कर, बाई."

फेलिसिटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जॉसलिनचा हात तिच्या हातात गेलेलाच होता. "जॉसलिन मावशी, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पुरस्कार रद्द. पण एक विनंती आहे. उद्घाटनाला तुम्ही या. या जमिनीच्या मूळ मालकांच्या वतीने स्वागताचे दोन शब्द बोला. तुमच्याशिवाय शोभा नाही."

जॉसलिनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाईने शब्द दिलाय, आता कशाला ताणायचं, असं मला वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी क्रिकेटच्या मैदानात पांढरा तंबू उभारला होता. बाहेर सॉसेज आणि कांदा भाजत होते, आत शहरातून विमानाने आलेली मंडळी नव्याकोऱ्या टोप्या घालून बसली होती. गळ्यात तागाच्या पिशव्या. जॉसलिन पहिल्या रांगेत, शेजारी तिच्या दोन म्हाताऱ्या मावश्या आणि नातवंडं. तिने धुवून इस्त्री केलेला निळा झगा घातला होता. शेडमध्ये इस्त्री कुठून आणली कोण जाणे.

जॉसलिनने आपल्या भाषेत स्वागत केलं. छान झालं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि ती जागेवर येऊन बसली.

मग फेलिसिटीने माइक घेतला आणि ती सूचना वाचली. मधाळ आवाजात, सावकाश, एकेका शब्दावर थांबत. मला वाटलं, नेहमीची वाचतेय. सवयच आहे त्यांना. जॉसलिनलाही तसंच वाटलं असणार, ती नातवाचं नाक पुसत होती.

मग ट्रेमेन उठला. दाढीवरून हात फिरवला. "माझी लाडकी मैत्रीण आज आपल्यात नाही," म्हणाला. "या देशाने तिच्या लोकांचा आवाज फार काळ दाबला. आज आपण गप्प बसणार नाही. चला, सगळे मिळून तिचं नाव घेऊ या. मोठ्याने."

आणि त्याने घेतलं. नाव, आडनाव, सगळं. मागे पडद्यावर तिचा चेहरा लागला, तंबूच्या छतापर्यंत मोठा. हसणारा. आणि ती शेकडो माणसं तिचं नाव घ्यायला लागली. एकदा, पुन्हा, पुन्हा. चर्चमध्ये प्रार्थना म्हणावी तशी, एका तालात.

ते माझंही नाव होतं. लहानपणापासून मी त्याला ओ देत आलेय. त्या तंबूत ते इतक्या तोंडांतून एकदम आलं. कुणीतरी माझं आतडं बाहेर काढून हातोहात फिरवतंय असं वाटलं.

जॉसलिन खाली बसली. खुर्चीवरून सरळ जमिनीवर. दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तिने जो टाहो फोडला तो मी आजवर ऐकला नव्हता. मग दोन्ही मावश्या. तिच्या माणसांत मेलेल्यासाठी असं रडतात, सूर धरून, मध्येच तुटून. नातवंडांना कळेना, ती तिच्या झग्याला धरून किंचाळायला लागली.

नावाचा गजर थांबला. एक क्षण तंबू चिडीचूप झाला, आणि मला वाटलं, आता तरी कळलं यांना.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळा तंबू उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष मोबाइल वर धरून चित्रण करत होते. ट्रेमेन व्यासपीठावर डोकं झुकवून उभा होता, सत्कार चालल्यासारखा. फेलिसिटीने छातीवर हात ठेवला होता.

मी प्रोजेक्टरची वायर ओढून काढली. मशीन खाली आदळलं. ट्रेमेन जवळ येऊन हळूच म्हणाला, "अगं राणी, जरा दमानं. माणसं भावुक झालीयेत." त्याच्या तोंडाला वाइनचा वास येत होता, सकाळी. मी त्याला काय म्हटलं ते छापता येणार नाही. मग तंबूच्या मागे जाऊन नळाखाली डोकं धरलं.

परत आले तर जॉसलिन आणि मंडळी निघून गेली होती. फेलिसिटी चहाच्या टेबलापाशी उभी होती, हातात केकचा तुकडा.

"शब्द दिला होतास तू," मी म्हटलं.

"दिला होता आणि पाळला. पुरस्कार रद्द केला आपण. ही फक्त श्रद्धांजली होती. क्लाइव्हची कल्पना."

"ती म्हणाली होती, नाव नको. फोटो नको. तुझ्यासमोर म्हणाली होती."

"अगं, पण सूचना दिली होती ना मी? चांगली सावकाश वाचली. त्यांना बाहेर जाता आलं असतं."

इतक्या शांतपणे म्हणाली. लबाडी असती तर परवडली असती. तिचा विश्वास होता त्यावर. माझा हात उचलला गेला होता, पण मी तो खाली घेतला. त्या बाईला हात लावायचीच मला शिसारी आली.

त्या आठवड्यात मामा आले. नदीकाठी सगळे बसले, मला जॉसलिनने बोलावून घेतलं. मामा म्हणाले, आता धुरी नाही. आता काही नाही. त्या घरात कुणी राहायचं नाही, या गावातच राहायचं नाही. ट्रकमध्ये गाद्या, किटली, कुत्री आणि पोरं भरली.

"चांगली लांब गेली होती गं ती," जॉसलिन म्हणाली. "मला कळत होतं. झोप लागायला लागली होती. आता परत आलीये. त्या तंबूपाशी उभी आहे, कोण कोण बोलावतंय ते बघत. आणि आम्ही तिला सोडून चाललोय."

एवढं बोलून ती पुढच्या सीटवर चढली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी फेलिसिटी दुकानात आली. हातात शहरातलं वर्तमानपत्र. त्यात महोत्सवाबद्दल अर्धं पान आलं होतं, आणि त्या रडण्याला आजवरचा सर्वांत हृदयस्पर्शी क्षण म्हटलं होतं. पुढच्या वर्षीची तिकिटं लोक आत्ताच मागताहेत म्हणाली. मी मशीन पाडल्याचा राग ती विसरली होती. तिने माझा हात हातात घेतला.

"तुझं आणि जॉसलिन मावशींचं चांगलं आहे. तू विचारून बघ ना. पुढच्या वर्षी उद्घाटनाला त्यांनी पुन्हा तसंच करावं. जरा थोडक्यात, आणि माइकजवळ बसून, म्हणजे मागच्या रांगांनाही ऐकू जाईल."

मी हात सोडवून घेतला. "आणि रडायला नाव कुणाचं घ्यायचं?"

तिने थोडा विचार केला. खरंच केला.

"ते आपण समितीच्या बैठकीत ठरवू," ती म्हणाली.