स्तेपान लाझुतिनचे सोळा सोबती

विषय : बोअर युद्धातले रशियन स्वयंसेवक.
संशोधक : मी. नाव अयोध्या.
मुलाखत : आज बारा वाजता, नांदेड. विद्यापीठानं विषय दोनदा नाकारलाय. तिसऱ्यांदा नाकारला की पीएचडी संपली.

आत्ता सव्वानऊ. अहमदपूरहून निघालेली बस. शेजारी अण्णा, माझे वडील, डोळे तपासायला निघालेत.

पुरावा : एक डायरी. स्तेपान लाझुतिन, रशियन. १९०० साली इंग्रजांशी लढायला थेट दक्षिण आफ्रिकेत गेला, बोअरांच्या बाजूनं. बोअर म्हणजे तिथले गोरे शेतकरी, आफ्रिकान्स बोलणारे. डायरीच्या एका पानावर सोळा नावं, दोन रांगांत. खाली : "सगळे गेले. मी रडलो."

गृहीतक : हे सोळा बोअर शहीद. परक्या देशात, परक्यांसाठी रशियन माणूस रडला! माझा अख्खा आराखडा या रडण्यावर उभा.

"मोठ्यानं वाच की," अण्णा म्हणाले. "दिसंना तर दिसंना, ऐकू तर येतंय."

"टोपणनावं आहेत अण्णा, बोअरांच्या भाषेतली. अर्थ सांगते. पांढरपाया. काळ्या. चांद्या..."

"आन् दोन रांगा कशाच्या?"

"डावी, उजवी. फौजेची असेल."

अण्णा जागेवरून उठलेच. "अगं येडे! चांद्या माणसाचं नाव असतंय व्हय? बैल हायत ते! आठ जोड्या. डावा डावीकडं, उजवा उजवीकडं. जागा बदलली की गाडी हलत न्हाई, म्हणून लिहून ठिवलं त्यानं!"

कंडक्टर हसला. मी गार.

मग एकदम गरम! "मग सोळावं नाव 'इंग्रज' कसं?" तो फितूर नव्हता हे सिद्ध करायला मी चार पानं खर्चली होती.

"कामचुकार बैल असंल," अण्णा म्हणाले. "माझ्या आज्याकडं एक बसका होता, जुंपला की खाली बसायचा. त्याला रझाकार म्हणायचा. दणका घालताना लई बरं वाटायचं म्हाताऱ्याला."

निष्कर्ष (बारा वाजून दहा) :

समितीचे अध्यक्ष शरणप्पा सर, मूळचे देवणीचे, बैलांसाठी नावाजलेल्या गावचे. "सोळा शहीद. छान. या खेपेला मंजूर करू या," म्हणत त्यांनी पेन उघडलं.

गप्प बसायचं. फक्त गप्प बसायचं.

"थांबा सर. शहीद नाहीत. बैल आहेत."

पेन हवेत. शेजारच्या विनीता मॅडमनी चष्मा काढला. "मग तुमच्या आराखड्यात माणसं किती उरली?"

"एक, मॅडम. पण बघा ना! बंदूक कुणीही कुणाच्याही हातात देतं. शेतकरी आपले बैल परक्याच्या हाती देतो का? बोअरांनी या रशियनाला दिले. आठ जोड्या! सर, तुम्ही द्याल?"

"सख्ख्या मेव्हण्याला देत न्हाई," सर बोलून गेले.

मॅडम खो खो हसल्या. सरांनी आराखड्यातलं 'शहीद' खोडलं आणि सही ठोकली. "पण आधी बैलांचं प्रकरण लिहायचं. आणि ती फितुरीची चार पानं..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी ती तिथंच, त्यांच्या टेबलावर, टराटरा फाडली.